कूर्माचं तोंड

"कूर्माचा तोंड देवाकडे ऱ्हवांदे गो चंद्रे! तेची पाठ देवाकडे झाली तर देवय आपली पाठ फिरवतलो. मगे माका सांगूक येव नको."

सासू जाऊन कितीतरी गणपती येऊन गेले, तरी सकाळी देवघरापुढे बसलं की चंद्रावतीकाकींच्या कानात हा आवाज यायचाच. आता तक्रार सांगायला जायचं म्हटलं तरी सासूबाई कुठे सापडणार होत्या? पण काकींनी कधी कूर्माची पाठ देवाकडे होऊ दिली नाही. तांब्याच्या ताम्हनात त्याला अंघोळ घालायची, पुसायचं, आणि निमुळतं टोक देवाकडे करून पाटावर ठेवायचं. मग त्या टोकावर गंधाचं बोट, वर तुळशीचं पान, पुढ्यात दूधसाखरेची वाटी. हे होईपर्यंत काकींच्या पोटात चहाचा घोट जात नसे.

कूर्म म्हणजे तळहातात मावेल असा एक काळपट दगड. सासरे तरुणपणी हिमालयात, स्पितीच्या बाजूला, रस्त्यांच्या कामावर होते. तिथून येताना त्यांनी तो आणला. मेंढपाळानं दिला म्हणून आणला की दरडीत सापडला म्हणून, हे घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं ठाऊक होतं. दगडावर एक आकृती उठलेली होती. एका बाजूला अर्धचंद्रासारखी रुंद, मग आडव्या आडव्या पट्ट्या, आणि निमुळती होत होत दुसरं टोक एवढंसं. "बघ, कासव," सासरे म्हणाले, आणि सासूबाईंनी तिथल्या तिथे त्याला देवघरात घेतलं. देवळात गाभाऱ्यासमोर फरशीत कूर्म असतो, त्याचं तोंड देवाकडे असतं, आणि आपल्या घरी तेवढाच एक नव्हता, ही त्यांची जुनी रुखरुख होती. निमुळतं टोक ते डोकं. रुंद बाजूचे मागे वळलेले काटे ते मागचे पाय. त्यातला एक पाय जागचा सरकलेला दिसे. "लंगडो आसलो तरी देवाचो आसा," असं म्हणून सासूबाईंनी तोही प्रश्न मिटवला होता.

तेव्हापासून घराचं बरंच चाललं होतं. कौलं गेली, स्लॅब आला. होडी गेली, यांत्रिक बोट आली. ती विकून पुतण्यानं, म्हणजे नितेशनं, पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या. हे सगळं कूर्माचं तोंड बरोबर दिशेला असल्यामुळे झालं, याबद्दल घरात दुमत नव्हतं.

काकी मात्र कूर्माकडे काही मागत नसत. मागायला देवघरात इतर देव होते. पूजा झाली की त्या कूर्माच्या निमुळत्या टोकापाशी वाकून अगदी हळू आवाजात आदल्या दिवसाची हकीगत सांगत. खोल्यांत पुण्याची माणसं उतरलीत, त्यांना समुद्राचा आवाज फार होतो म्हणे. जान्हवीनं, नितेशच्या बायकोनं, उकडीचे मोदक पहिल्यांदाच न फुटता केले. काकींना मूलबाळ नव्हतं, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि घरात बोलणारी माणसं पुष्कळ असली तरी ऐकणारा हाच एक होता.

श्रावणातल्या एका दुपारी शेजारच्या इमेल्डाबाई आल्या. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, आणि चंद्रावतीकाकींना 'चंद्रे' म्हणणाऱ्या आता त्या एकट्याच उरल्या होत्या. बरोबर त्यांच्या बहिणीचा मुलगा होता, एल्टन. तो गोव्यात कॉलेजात भूशास्त्र शिकवत होता आणि सुट्टीला मावशीकडे आला होता.

"चंद्रे, हेका तुझे घावणे खावक घाल. गोंयात ह्येका कोण विचारणा नाय," इमेल्डाबाई म्हणाल्या.

काकी स्वयंपाकघरात वळल्या. परत येऊन बघतात तर एल्टन देवघरापुढे गुडघ्यांवर बसलेला. मग तो आणखी वाकला, आणि बघता बघता पालथा झाला. काकी घावण्यांची ताटली घेऊन उंबऱ्यातच थबकल्या. क्रिस्तांव घरातला मुलगा, आणि साष्टांग! भाव असावा तर असा.

"ऊठ रे एल्टन!" इमेल्डाबाई दबक्या आवाजात ओरडल्या. "फादरान बघितल्यान तर माका मिसाक बसूक देवचो नाय."

एल्टननं खिशातून भिंग काढलं आणि एक डोळा मिटला. मगच काकींच्या लक्षात आलं की नमस्कार चाललेला नाही.

"मावशी, हो दगड खंयचो?" त्यानं काकींना विचारलं.

"दगड नाय रे बाबा. कूर्म तो."

एल्टन उठून बसला. त्याच्या शर्टाला रांगोळी लागली होती. घरात तो मालवणी बोले, पण शिकवायला लागला की त्याची गाडी आपोआप पुस्तकी मराठीवर जायची. आता तसंच झालं.

"हे कासव नाही. याला ट्रायलोबाइट म्हणतात. हा बघा, मधे उभा कणा, आणि दोन्ही बाजूंना एकेक पाळ. उभे तीन भाग, म्हणून ते नाव. समुद्रात राहायचा. कासवं, मासे, डायनोसॉर, या सगळ्यांच्या कितीतरी आधी. एक्कावन्न कोटी वर्षं तरी झाली असतील. त्यातही हा फार जुन्यांपैकी. रेडलिकिया हे याचं घराणं."

"ह्या कसला नाव?" काकींनी विचारलं.

"रेडलिक नावाच्या माणसावरून. त्यानं स्वतः याला दुसरंच नाव दिलं होतं, पण ते नाव आधीच दुसऱ्या कुठल्या प्राण्याला देऊन झालेलं. म्हणून मागाहून बदललं."

हे काकींना लगेच पटलं. बारशाला असं होतं. घरात एक आधीच असलं की आत्याला ऐन वेळी दुसरं शोधावं लागतं. "आणि ह्येचा स्वतःचा नाव?"

"ते अजून सांगता येत नाही. आडनाव कळलं, नाव नाही कळलं. नीट बघावं लागेल." एल्टननं पेन्सिलीचं टोक दगडाला न लावता वरून फिरवलं. "हे डोकं. या दोन लांब चंद्रकोरी दिसतात ना, ते डोळे. मधला हा फुगीर भाग पुढे निमुळता होत जातो. गालांच्या टोकांना हे काटे. मग छातीच्या या पट्ट्या, एकीवर एक सरकणाऱ्या, कौलांसारख्या. आणि इथे शेवटी ही एवढीशी शेपटी."

पेन्सिल एवढ्याशा शेपटीवर थांबली. तिथे सकाळचं गंध होतं, आणि गंधावर तुळशीचं पान.

मग इमेल्डाबाईंना हसू आवरेना. "चंद्रे! इतकी वर्षां तू तेच्या शेपटेक गंध लायतस गो?"

"सासूबायन दाखवल्यान थंय लायतंय," काकी हळूच म्हणाल्या, आणि ताटली त्यांनी एल्टनपुढे ठेवली. "खा रे. थंड होतले."

इतक्यात नितेश आला. कानाला फोन, हातात गाडीची किल्ली. त्यानं अर्धं ऐकलं होतं, आणि अर्धं ऐकलं की नितेशला पुरत असे.

"किती म्हणालास? एक्कावन कोटी?" त्यानं फोन बंद केला. नितेश स्वतःहून फोन बंद करतो हे काकींनी प्रथमच पाहिलं. "मेल्या, म्हणजे सगळ्या मालवणात हेच्यापेक्षा जुनो देव नाय!"

"देव न्हय रे. कूर्मसुद्धा न्हय. खेकड्या-विंचवांच्या बाजूचं जनावर. संधिपाद."

"ता तू तुझ्या कॉलेजात सांग. माका फक्त वर्सांचो आकडो लिवन दी."

"आणि तुमी तो उलटो ठेवलेलो आसा."

"पर्यटकांक खंय कळतला?" नितेश म्हणाला, आणि दगडाचा फोटो काढायला वाकला. वाकताना त्याचा पाय लागून दूधसाखरेची वाटी कलंडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकींनी कूर्म ताम्हनातून काढला आणि पुष्कळ वेळ हातात धरून बसल्या. मग तो फिरवून ठेवला. अर्धचंद्र देवाकडे, एवढीशी शेपटी दाराकडे. गंधाचं बोट सवयीनं शेपटीकडे गेलं. ते मागे घेऊन त्यांनी दोन चंद्रकोरींच्या मधे लावलं. इथवर ठीक झालं. पण हकीगत सांगायला त्या वाकल्या, आणि शब्द फुटेना. बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला घरचं सांगायला लागावं तसं झालं. इतकी वर्षं ज्याच्याशी बोललो, त्याचं डोकं हे नव्हतं. आणि जे डोकं निघालं, ते मधल्या काळात दाराकडे बघत होतं.

आणखी एक गोष्ट त्यांना छळत होती. सासूबाई म्हणत होत्या त्याप्रमाणे देवानं कधीच पाठ फिरवायला हवी होती. त्यानं तर स्लॅब दिला, खोल्या दिल्या. देवाचं लक्ष नव्हतं, की सासूबाईंचं चुकलं होतं? दोन्हीपैकी काहीही मनात आणणं काकींना पाप वाटत होतं. म्हणून त्यांनी दोन्ही मनात न आणता रामरक्षा म्हटली, आणि चहा प्यायला उठल्या.

पण राहवलं नाही. दोन-तीन दिवसांनी त्या इमेल्डाबाईंच्या मागच्या दारी गेल्या. आत जाणार नव्हत्या. श्रावण होता आणि आत कुर्ल्या, म्हणजे खाडीतले खेकडे, शिजत होत्या. दारातल्या पायरीवर पदर नाकाशी धरून उभ्या राहिल्या.

"एल्टन, एक विचारूचा होता. तेचा तोंड नेमका खंय आसा रे? डोक्याच्या पुढे म्हणतस, पण माका थंय काय दिसूक नाय."

एल्टन बाहेर आला. त्याच्या हातात ताटली होती, तिच्यात एक न शिजवलेली कुर्ली. काकी एक पायरी खाली उतरल्या.

"मावशी, ही बघा," तो म्हणाला, आणि कुर्ली पालथी केली. "हिचं तोंड वरून दिसतं काय? नाही. ते खाली, पोटाकडे. तुमच्या कूर्माचंही तसंच. डोक्याच्या खालच्या अंगाला एक पट्टी असते, ढालीसारखी. तिच्या मागे तोंड. आपण बघतो ती नुसती पाठ. बाकीचं सगळं खाली, दगडात गाडलेलं."

"म्हणजे देवाकडे..."

"ना या बाजूनं, ना त्या बाजूनं. तोंड पाटाकडे होतं."

आतून इमेल्डाबाईंचा आवाज आला. "कमाल आसा! सासू चुकली, सून चुकली, आणि आता फिरवल्यान ताय चुकला!"

"तू गप ऱ्हव गो. कुर्ल्ये करपतले," काकी म्हणाल्या, आणि पुन्हा एल्टनकडे वळल्या. "आणि तो खाय काय? मी दूधसाखर ठेवतंय म्हणान विचारतंय."

एल्टन जरासा घुटमळला. "या घराण्यातले काही जण शिकारी होते. पायांच्या काट्यांनी चिरडून खायचे. कधी कधी आपल्याच जातीतले."

काकींनी डोळे मिटले. चातुर्मासात आपण कांदासुद्धा वर्ज्य करतो, आणि देवघरात हे. पण नितेशच्या बोटीवर आधी होते ते खलाशी तरी चातुर्मासात कुठे मासे सोडत होते? त्यांनी डोळे उघडले.

"अजून एक आहे. वाईट वाटून घेऊ नका," एल्टन म्हणाला. "तो एक काटा सरकलाय ना, लंगडा पाय म्हणता तो? तो गाल आहे. गालाशी याच्या डोक्याला शिवण असते. अंगावरचं कवच टाकायची वेळ आली की ती शिवण उसवते, आणि जनावर बाहेर पडतं. म्हणजे माझा अंदाज असा, की तुमच्या देवघरात आहे ते जनावरच नाही. त्यानं टाकून दिलेलं कवच आहे."

इमेल्डाबाई चमचा हातात घेऊन दारात आल्या. "हळू सांग रे, मेल्या! तिचो नेम तो."

काकी ताटलीतल्या कुर्लीकडे बघत होत्या. कोळ्यांच्या घरात जन्मलेल्या बाईला कुर्लीनं कवच टाकलेलं काय नवीन! लहानपणी खाडीच्या कडेला अशी रिकामी कवचं कितीतरी मिळत, आणि तीच कुर्ली मऊ अंगानं पलीकडच्या दगडाखाली दडलेली असे.

"कवच टाकल्यार कुर्ली मरणा नाय," त्या म्हणाल्या.

"नाही मरत."

"मगे आपलो कूर्मय पुढे जगलो आसतलो."

"जगला असावा," एल्टन म्हणाला. "निदान त्या दिवशी तरी."

"बरा झाला," काकी म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान आलं की इमेल्डाबाईंनी हसायला उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

मग एल्टननं मनातलं सांगितलं. दगडाची एक कड तुटलेली आहे, तिथून खालची ती ढालीसारखी पट्टी किंचित डोकावते असं त्याला वाटत होतं. बारीक सुयांनी, भिंगाखाली, कणाकणानं दगड काढावा लागेल. काही महिने जातील. पट्टी जागेवर असली तर याचं नाव ठरवायलाही मदत होईल. नसली तर नाही. कवच टाकताना ती कधी कधी गळूनही पडते.

"आसली तर तोंड दिसतला?"

"तोंडाची जागा दिसेल."

"माका दाखवशीत?"

"पहिल्यांदा तुमकाच."

काकींनी पदर नाकावरून काढला. वास येत होता तो येऊ दिला. "मगे मी देतंय. तुळशीचा लगीन झाला काय मी स्वतः हाडून देतंय. चातुर्मासाचो नेम आसा, तवसर तेका जाग्यावरना हलवूचो नाय."

"मी गाडी घेवन येतां."

"नको. मी देतंय म्हटलंय, म्हणजे मीच येतलंय."

नितेशला हे कळायला वेळ लागला नाही. इमेल्डाबाईंना गुपित म्हणून सांगितलेली गोष्ट मासळीबाजारातून फिरून घरी यायला एक सकाळ पुरत असे. तोवर कुडाळहून काचेची पेटी आली होती. तिच्यात रंग बदलणारा दिवा होता, आधी हिरवा, मग गुलाबी. दाराशी फलक लागला होता, 'एक्कावन्न कोटी वर्षांपूर्वीचा जागृत कूर्म', आणि खाली बाण, नेमका जेवणाच्या खोलीकडे.

"काकी, घरचो देव गोंयाक?" नितेश म्हणाला. तो काकींवर कधी आवाज चढवत नसे, तेवढं त्याच्याकडे होतं. "लोक काय म्हणतीत? मी फलक लायलंय!"

"दिलेलो शब्द आसा रे."

"शब्द काय, माणसाक दिलेलो. आपण देवाक विचारूया. कौल घेवया."

गावच्या देवळात कौल घ्यायची रीत होती. देवाच्या दगडी अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरवानं गाऱ्हाणं घालायचं, आणि उजवीकडची पाकळी आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. नितेश नारळ घेऊन गेला. काकीही गेल्या, कारण देवळात जायला त्यांनी कधी नाही म्हटलं नव्हतं.

धोंडू गुरवानं पाकळ्या लावल्या आणि आवाज चढवला. "बा देवा म्हाराजाऽ! आज ह्या तुझ्या लेकरान आपल्या घराक एक्कावन..." तो थांबला आणि नितेशकडे कलला. "कोटीच मां रे?"

"कोटीच."

"...एक्कावन कोटी वर्सांचो कूर्म पुजलेलो आसा! तो काचेत बसवांदे, तर उजवी दी! देवघरात आसा थंयच ऱ्हवांदे, तर डावी दी! खरो काय तो निवाडो कर म्हाराजाऽ!"

"व्हय म्हाराजा!" नितेश आणि आणखी दोघं म्हणाले.

काकींच्या लक्षात आलं, की कूर्म घराबाहेर जाण्याबद्दल देवाला कुणी विचारलंच नव्हतं. देवानं काहीही सांगितलं तरी नितेशचं भलंच होणार होतं. देवाला एवढं कळत नसेल असं त्यांना वाटलं नाही.

बराच वेळ कुठलीच पाकळी हलेना. मग उजवी पडली. वर पंखा चालू होता आणि तो उजवीकडेच होता, पण देवाच्या कामात पंख्याकडे बोट कोण दाखवणार?

"उजवी दिल्यान!" नितेशनं हात जोडले, आणि जोडलेल्या हातांतच त्याचा फोन वाजला.

धोंडू काकींकडे वळला. तो त्यांना सुनेच्या वयापासून ओळखत होता. "काकी, तुमचा काय गाऱ्हाणा आसा? पाकळी लावंया?"

"नको रे धोंडू," काकी म्हणाल्या. "ठरूक नाय ता विचारूचा. माझा ठरलेला आसा. मी शब्द दिलंय."

धोंडूनं देवाकडे बघितलं. देवाच्या डाव्या अंगावरची पाकळी तशीच चिकटलेली होती. त्यानं प्रसादाचा नारळ फोडला आणि पहिला तुकडा काकींच्या हातावर ठेवला.

दिवाळी झाली. मोसम सुरू झाला, खोल्या भरल्या. काकींनी कूर्म काचेत घालू दिला नाही. चातुर्मास संपेपर्यंत थांब म्हणाल्या, आणि हे नितेशला चाललं, कारण रिकाम्या पेटीचेही लोक फोटो काढत होते. रोज सकाळी काकी पूजा करत. आता गंध कुठे लावायचं हा घोळ नव्हता. मधल्या कण्यावर एक बोट ओढत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दूधसाखर ठेवणं मात्र त्यांनी सोडलं नाही. तो शिकारी असला तरी आपण काय दुसरं देणार होतो? हकीगतही पुन्हा सुरू झाली. पण त्या आता वाकत नसत. ताठ बसून, समोर बघून बोलत, आणि बोलता बोलता मधेच थांबत. नुसत्या पाठीशी किती बोलायचं असं वाटे. समोरच्यानं वळून एकदा तरी बघावं, एवढंच त्यांना हवं होतं. तो फार जुना आहे, मांसाहारी आहे, आणि टाकलेलं कवच आहे, हे सगळं मान्य करूनही हवं होतं.

तुळशीचं लग्न लागलं. ऊस, चिंचा, आवळे, सगळं साग्रसंगीत. जान्हवीनं अंतरपाट धरला, पर्यटकांनी अक्षता टाकल्या आणि विचारलं की नवरा कोण. त्याच रात्री जेवताना काकी नितेशला म्हणाल्या, "उद्या सकाळी मी कूर्म घेवन गोंयाक जातंय."

"हां काकी, हां," नितेश म्हणाला. तो फोनवर कुणाला तरी बोटीच्या वेळा सांगत होता.

"एल्टनाक देवचो आसा."

"होय तर. जपान जावा."

काकींनी आणखी काही सांगितलं नाही. सांगितलं नव्हतं असं कुणाला म्हणता येणार नाही, एवढं झालं होतं.

सकाळी पूजा झाली. काकींनी स्टीलच्या डब्यात तांदूळ घातले, त्यात जुन्या मऊ लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेला कूर्म ठेवला, वरून पुन्हा तांदूळ घातले आणि झाकण लावलं. जान्हवी चहाचा पेला घेऊन आली. डब्याकडे बघून तिला सगळं कळलं.

"काकी, देवान कौल दिलो मां? काचेत बसव म्हणान?"

"दिल्यान. येतलो तेवां बसतलो. तोंड बघू नको असा काय देव बोलाक नाय."

जान्हवीनं दारातून पेटीकडे बघितलं. दिवा चालू होता. आत्ता गुलाबी होता. "मगे तवसर ह्या पेटयेत काय ठेवू? माणसा येतली."

"एक सोललेलो नारळ ठेव," काकी चहा फुंकत म्हणाल्या. "तेचो फोटो बरो येतलो."

जान्हवीनं हसू दाबायला खांद्यावरचा टॉवेल तोंडावर धरला. मग ती आत गेली आणि सोललेला नारळ घेऊन आली.

बाहेर नितेश दोन पाहुण्यांना बोटीत घालायला बंदराकडे गेला होता. काकींनी चपला घातल्या. गोव्याची गाडी हमरस्त्यावर मिळणार होती, म्हणजे आधी कसालला जायला हवं. इमेल्डाबाई कुंपणापाशी उभ्या होत्या. हातात पिशवी, वाटेत खायला.

"एकटी जातस? मी येव?"

"नको गो. तू बडबड करशीत. माका तेच्याकडे बोलूचा आसा."

"आणि तोंडच नाय निघाला तर?"

काकींनी पिशवी घेतली. "मगे एल्टनाक सांगतलंय, बरा झाला बघलंस. नाय बघता ऱ्हवलंस तर जल्मभर वाटत ऱ्हवता."

काकींनी डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरला, खाचखळग्यांतून पाय जपून टाकत त्या एसटी स्टँडच्या रस्त्याला लागल्या, आणि वळणावर कुणी रिक्षावाल्यानं थांबून "काकी, खंय सोडू?" विचारलं तेव्हा त्यांनी मान हलवून नको म्हटलं. गाडीला अजून वेळ होता.